संगणकांतील सूर कां अडतो?

सोलापुरांतील एखादें सुशिक्षित घर श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांसमोर आणावें. दिवेलागण झाली आहे. दिवाणखान्यांतल्या जुन्या संगणकावर नात शाळेच्या धड्याचें चलच्चित्र पाहत आहे, आणि त्याच यंत्रावर तिचे वडील आजीबाईंच्या ओव्या लावूं पाहत आहेत. या ओव्या पूर्वीं कॅसेटवर उतरविलेल्या होत्या. आजीबाई आतां नाहींत. कॅसेटची फीतहि बुरशीनें गेली. उरलें आहे तें संगणकांतलें ध्वनिमुद्रण. परंतु ओवी सुरूच होत नाहीं. ‘उपकरण दुसऱ्याच्या उपयोगांत आहे’ अशा अर्थाची एक ओळ पडद्यावर उमटते. काल तीच ओवी बिनतक्रार वाजत होती!

या यंत्रावर लिनक्स आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला, आणि धडधाकट असे कित्येक संगणक एका दिवसांत म्हातारे ठरले. त्यांना नवें आयुष्य देण्याचा एक बिनखर्ची मार्ग म्हणजे लिनक्स.

आवाज अडला कीं पहिला संशय बिचाऱ्या कर्ण्यांवर जातो. ते बदलूनहि भागलें नाहीं, तर कोणी जाणता सल्ला देतो, “सारें पुसून टाका आणि प्रणाली नव्यानें घाला.” हा सल्ला घातक आहे. पुसतांना ओव्या गेल्या, तर त्या कोठून आणावयाच्या? आणि दोष यंत्रांत नसतोच, तो बहुधा दोन कार्यक्रमांच्या भांडणांत असतो.

मागाची ओळख सोलापूरकरांना करून द्यावयास नको. ताण्याचे धागे वरखालीं होऊन जी फट पडते, तींतून एका वेळीं एकच धोटा जातो. घरगुती संगणकांतील पुष्कळशा ध्वनियंत्रणांची रीत अशीच आहे. त्यांच्याकडे ध्वनीचा एकच प्रवाह जाऊं शकतो. १९९२ सालीं फिनलंडमधील हन्नु सावोलायनेन यांनीं लिनक्ससाठीं ध्वनीची पहिली व्यवस्था रचण्यास आरंभ केला. तींत सामान्यतः जो कार्यक्रम आधीं दार उघडी, त्याचेंच दार. दुसऱ्यानें बाहेर ताटकळावें. १९९८ च्या सुमारास चेक गृहस्थ यारोस्लाव्ह किसेला यांनीं ‘अल्सा’ ही सरस व्यवस्था हातीं घेतली, आणि २००३ च्या अखेरीस ती लिनक्सच्या गाभ्याच्या २.६ या आवृत्तींत रूढ झाली. पण दाराचा प्रश्न पुरता सुटला नाहीं.

मग अनेक आवाज एकत्र मिसळून दाराशीं एकच प्रवाह नेणारे मध्यस्थ आले. केडीई या पडद्याचा मध्यस्थ ‘आर्ट्स’, ग्नोमचा ‘ईएसडी’. माग एक आणि जॉबर दोन! एकानें माग धरला कीं दुसऱ्याचें काम खोळंबे. लेनार्ट पोटरिंग यांनीं २००४ मध्यें आरंभिलेला ‘पल्सऑडिओ’ फेडोरानें २००७ मध्यें व उबुंटूनें २००८ मध्यें स्वीकारला, आणि सर्वांचा एकच जॉबर नेमला गेला. नव्या जॉबराला आरंभीं शिव्याच खाव्या लागतात. त्यालाहि त्या भरपूर मिळाल्या. संगीतकारांचा ‘जॅक’ मात्र निराळाच राहिला, कारण त्याला क्षणाचाहि विलंब खपत नाहीं. पुढें विम टायमन्स यांनीं ‘पाइपवायर’ रचला. तो पल्सऑडिओची, जॅकची आणि अल्साची अशा तिघांचीहि भाषा जाणतो. फेडोरानें २०२१ मध्यें आणि उबुंटूनें २०२२ च्या ऑक्टोबरमधील आवृत्तीपासून त्याला गादीवर बसविलें.

आतां उपाय. दार कोणी अडविलें आहे, हें प्रथम विचारावें. ‘फ्यूजर’ नांवाची एक आज्ञा आहे. ध्वनीचीं उपकरणें जेथें नोंदलेलीं असतात, त्या ‘डेव्ह’ कोशांतील ‘एसएनडी’ या कप्प्यावर ती चालविली कीं दार धरून बसलेल्या कार्यक्रमाचें नांव कळतें. ‘पीएसीटीएल इन्फो’ ही दुसरी आज्ञा गादीवर पल्सऑडिओ आहे कीं पाइपवायर, हें सांगते. अर्धवट सुधारलेल्या यंत्रावर दोघेहि जागे असूं शकतात. तसें असल्यास एकाला रजा द्यावी. मात्र ‘पल्सऑडिओ समूळ उपटा’ हा २००८ च्या सुमाराचा उपदेश आजच्या यंत्रावर चालवूं नये. त्याच्याबरोबर पडद्याचे इतर भागहि निघून जाण्याचा संभव असतो. जुन्या पंचांगावरून आजचा मुहूर्त काढण्यासारखेंच तें!

प्रत्येक स्तब्धता भांडणाचीच असते असेंहि नाहीं. दूरसंभाषण सुरू होतांच गाणें आपण होऊन थांबावें, अशी सोय पल्सऑडिओमध्यें बुद्ध्याच केलेली आहे. ती सभ्यता होय, बिघाड नव्हे. बिनतारी कर्णिकेचा ध्वनिग्राहक बोलण्यासाठीं उघडला कीं गाण्याचा आवाज टेलिफोनसारखा चिरका होतो, कारण कर्णिका तेव्हां संभाषणाच्या रीतीवर जाते. कधीं आवाज कर्ण्यांकडे न जातां तारेनें जोडलेल्या पडद्याकडेच वळलेला असतो. ध्वनिनियंत्रणाची खिडकी उघडून निर्गम बदलला, कीं काम झालें.

एवढ्यानें उलगडा न झाल्यास लिनक्सची पेनड्राइव्ह लावून यंत्र तिच्यावरूनच सुरू करावें. त्यासाठीं आंतली तबकडी पुसावी लागत नाहीं. तेथें आवाज निघाला तर यंत्र निर्दोष आहे, दोष घातलेल्या प्रणालींत आहे. आणि कोणताहि प्रयोग करण्यापूर्वीं ओव्यांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं उतरवून ठेवावी.

आरंभींच्या घरांत काय झालें असावें? वादक कार्यक्रमाला कोणीतरी केव्हां ‘मध्यस्थ नको, थेट ध्वनियंत्रणेकडे जा’ असें सांगून ठेविलें होतें. संगणकावर दुसरें कांहीं वाजत नसे तोंवर तें खपलें. आज धड्यासाठीं पाइपवायरनें दार धरलें होतें, म्हणून ओवीला वाट मिळाली नाहीं. त्या कार्यक्रमाचा निर्गम पाइपवायरकडे वळविला कीं धडा आणि ओवी एकदम वाजूं लागतात. ध्वनिनियंत्रणाच्या खिडकींत दोहोंच्या निरनिराळ्या पट्ट्या दिसतात. त्यांतील धड्याची पट्टी वडिलांनीं थोडी खालीं ओढावयाची.