दोन मोसमांचा मुसाफिर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवितेच्या वाटेनं जाणाऱ्या माणसानं आज फुटबॉलवर का बोलावं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडेल. तसं आपलं नाशिक क्रिकेटचं. गोल्फ क्लबच्या मैदानावर रणजीचा सामना लागला, की निम्मं शहर तिकडं वळतं. फुटबॉल म्हटला की देवळाली कॅम्प, लष्कर आणि तिथल्या निवासी शाळा आठवायच्या. पण पावसाळ्यात ईदगाह मैदानाकडं जरा नजर टाका. चिखलात अनवाणी पळणारी पोरं दिसतील. त्यांतल्या बहुतेकांना एकच जागा हवी असते, अगदी पुढची. गोल मारायची. त्या जागेवरच्या खेळाडूला आपण आघाडीवीर म्हणतो. आज मी अशाच एका आघाडीवीराबद्दल बोलणार आहे. तो सात समुद्र ओलांडून आपल्या देशात आला, कोलकात्यात खेळला, आपल्या शेजारच्या गोव्यात खेळला आणि बंगळूरच्या मैदानावर गोल मारतामारताच गेला.

त्याचं पूर्ण नाव क्रिस्तियानो सेबास्तियाओ द लिमा ज्युनियर. ब्राझीलमध्ये मुलाला बापाचंच नाव देतात, तेव्हा शेवटी ज्युनियर लावतात. म्हणजे अमक्याचा धाकटा. आपल्याकडं घराघरात बाळू, छोटू असतात ना, तसंच. भारतात लोक त्याला ज्युनियर याच नावानं ओळखत. घर सोडून इतक्या लांब आलेला हा मुलगा आपल्या घराची खूण अशी नावातच घेऊन फिरत होता.

२००३-०४ च्या मोसमात तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला. त्या वर्षी ईस्ट बंगालनं राष्ट्रीय लीग जिंकली आणि त्या विजयात ज्युनियरच्या गोलांचा वाटा मोठा होता. पुढच्याच मोसमात तो गोव्याच्या धेंपो संघात आला. अर्मांदो कुलासो हे प्रशिक्षक आणि पुढच्या फळीत जोडीला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. एक लॅटिन अमेरिकेचा, एक आफ्रिकेचा आणि दोघं मिळून मांडवीकाठच्या एका संघासाठी गोल करतायत. फुटबॉलमध्ये याचं कुणाला नवल वाटत नाही.

पण या व्यवसायाची रीत काय असते, ते जरा पाहू. बाहेरून आलेल्या खेळाडूचा करार बहुधा एका मोसमाचा, फार तर दोन मोसमांचा. राहायला क्लबनं दिलेला फ्लॅट. संघात परदेशी खेळाडू किती घ्यायचे, याची मर्यादा ठरलेली, त्यामुळं त्या मोजक्या जागांवर नव्या माणसाची नजर सतत असते. बचावाच्या खेळाडूचं काम मोजता येत नाही, मधल्या फळीतल्याचं थोडं लपून जातं. आघाडीवीराचा मात्र हिशेब रोज सकाळी वर्तमानपत्रात छापून येतो. सामने इतके, गोल इतके. चार सामने कोरडे गेले, की कालपर्यंत खांद्यावर घेणारे लोक विचारू लागतात, याला इतक्या लांबून कशाला आणला?

इथं मला एका शब्दाबद्दल बोलायचंय. करार. मराठीत करार म्हणजे दोन पक्षांत ठरलेली गोष्ट, कागदावर सही केलेली. पण अरबीतून उर्दूत आला तेव्हा याच शब्दाला आणखी एक अर्थ होता : स्वस्थता, मनाचं ठिकाणावर असणं. ते नसलं की माणूस बेकरार. हा शब्द हिंदी गाण्यांमुळं तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेच. भटक्या आघाडीवीराचं सगळं जगणं मला या दोन अर्थांच्या मध्ये दिसतं. त्याच्या हातात करार असतो आणि मनाला करार नसतो. दुसरा शब्द गरीब. आपण तो दरिद्री माणसासाठी वापरतो. मूळ अरबीत त्याचा अर्थ परका, आपल्या मुलखापासून तुटलेला. त्या अर्थानं उत्तम पगार घेणारा खेळाडूही गरीबच.

पूर्वी असं नव्हतं. नेव्हिल डिसूझा हे नाव जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. मूळ गोमंतकीय कुटुंबातला, मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेला आघाडीवीर. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं, त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. त्या स्पर्धेत भारत चौथा आला आणि चार गोल करून नेव्हिल सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीत राहिला. पण एवढा मोठा खेळाडू क्लबसाठी देशोदेशी हिंडला नाही. टाटा, कॅलटेक्स अशा कंपन्यांच्या संघांतून तो मुंबईतच खेळला. तेव्हा खेळाडूला कंपनीत नोकरी असे. पैसा बेताचा, पण संध्याकाळी घरी परतता येई. १९८० मध्ये वयाच्या पन्नाशीच्या आतच तो गेला आणि त्याच्या मुंबईनंही त्याची फारशी आठवण ठेवली नाही.

१९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि चित्र बदललं. नोकरीवाला खेळाडू मागं पडला, करारवाला पुढं आला. ज्युनियर या नव्या काळाचा.

आता ५ डिसेंबर २००४ चा दिवस. रविवार होता. बंगळूरचं कंठीरवा स्टेडियम, फेडरेशन कपची अंतिम लढत, समोर मोहन बागान. धेंपोचा पहिला गोल ज्युनियरनं मारला. सामन्याचं ७८ वं मिनिट. तो पुन्हा चेंडू घेऊन गोलाकडं धावला. मोहन बागानचा गोलरक्षक सुब्रतो पाल पुढं आला, दोघांची टक्कर झाली. चेंडू जाळ्यात गेला. ज्युनियर खाली पडला तो उठलाच नाही. सहकारी धावले, त्याला शुद्धीवर आणायची धडपड झाली, इस्पितळात नेलं, पण तोवर सारं संपलं होतं. धेंपोनं सामना २-० असा जिंकला, दोन्ही गोल ज्युनियरचे. त्याचं वय पंचवीस. तो विवाहित होता.

हृदयक्रिया बंद पडून मृत्यू, असं निदान झालं. मैदानावरची वैद्यकीय व्यवस्था अपुरी होती, अशी टीका त्यानंतर देशभर झाली, आणि ती योग्यच होती. हृदय असं अचानक थांबतं तेव्हा प्रश्न मिनिटांचा असतो. छातीवर दाब देणं लगेच सुरू झालं नाही, विजेचा झटका देणारं यंत्र हाताशी नसलं, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, असं डॉक्टर सांगतात. त्याआधीच्याच वर्षी, २६ जून २००३ ला, कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फोए फ्रान्समधल्या लिऑंच्या मैदानावर असाच कोसळला आणि गेला. म्हणजे श्रीमंत देशातही हे घडलं होतं. पण १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा क्रिस्तियान एरिक्सन कोसळला, तेव्हा सहकारी, डॉक्टर आणि ते यंत्र, सगळं क्षणात तिथं होतं. तो वाचला, आणि २०२२ च्या विश्वचषकात खेळलाही. एक क्रिस्तियानो, एक क्रिस्तियान. दोघांच्या नशिबातलं अंतर मोजताना मला ते यंत्र आणि ती मिनिटं आठवतात.

या गोष्टीतला दुसरा तरुण मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. सुब्रतो पाल तेव्हा विशीतही पोहोचला नव्हता. त्याच्यावर काही काळ खेळबंदी आली. लोकांनी नाही नाही ते बोलून घेतलं. वेगानं येणाऱ्या आघाडीवीरासमोर झेपावणं हेच गोलरक्षकाचं काम, हे रागाच्या भरात कोण ऐकणार? एवढ्या कोवळ्या वयात असं ओझं घेऊन कितीजण मैदानावर परततात? तो परतला. पुढं आपल्या पुण्याच्या पुणे एफसीकडूनही खेळला. भारताचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक झाला. जानेवारी २०११ मध्ये दोह्यात आशियाई चषकात दक्षिण कोरियाविरुद्ध भारत १-४ असा हरला, पण त्या दिवशी पालनं इतके फटके अडवले की लोक त्याला स्पायडरमॅन म्हणू लागले. २०१६ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये तो निवृत्त झाला. ज्युनियरची गोष्ट सांगताना पालला खलनायक करणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्या संध्याकाळी मैदानावर दोन आईबापांची दोन मुलं होती. एकाचा जीव गेला आणि दुसऱ्याला त्या आठवणीसह जगायचं होतं.

धेंपोनं ज्युनियरची दहा क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली. ब्राझीलमध्ये दहा हा पेलेचा आकडा. गोव्यानं तो आपल्या या पाहुण्याच्या नावे करून टाकला. त्याच मोसमात, २००४-०५ ला, धेंपोनं पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. रँटी मार्टिन्स पुढं कित्येक वर्षं गोव्यात राहिला आणि गोलांमागून गोल करत गेला. पण बाजूचा तो माणूस नव्हता.

सगळ्या मुसाफिरांचं असंच होतं असं नाही. ब्राझीलचाच होजे रामिरेझ बरेटो १९९९ मध्ये मोहन बागानला आला. मध्ये मलेशियात जाऊन आला, मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, पुन्हा मोहन बागानला परतला आणि २०१२ पर्यंत तिथं खेळला. कोलकात्याचे लोक त्याला हिरवा पोपट म्हणत, लाडानं. खेळ संपल्यावर तो आपल्या मुंबई परिसरातच मुलांना फुटबॉल शिकवू लागला. ज्युनियर जगला असता तर त्यालाही असा एखादा मुलूख सापडला असता का? सांगता येत नाही. पण त्याला तेवढी सवड मिळायला हवी होती.

परकेपणाबद्दल मी जरा हळवा आहे, ते उगाच नाही. मालेगावात १८५७ नंतर उत्तरेकडून विणकरांची कुटुंबं आली, त्यांतलं एक माझ्या आजोळचं. चार पिढ्या इथंच झाल्या. आयुष्यभर मी मराठीत लिहितो. तरीही कार्यक्रमानंतर कुणीतरी प्रेमानं विचारतं, ‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, हे मला कळतं. पण मनात येतं, आणखी किती गोल मारले म्हणजे आपण घरच्या संघातले होतो? म्हणून गोव्यानं ती दहा नंबरची जर्सी उचलून ठेवली, याचं मला अप्रूप आहे. त्यांनी त्याचं वतन विचारलं नाही, तो आपल्या रंगात खेळता खेळता गेला, एवढंच पाहिलं.

श्रोतेहो, गल्लीपासून जिल्ह्यापर्यंत स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना मला एक विनंती करायची आहे. चषक, हारतुरे, ध्वनिक्षेपक यांचा खर्च करताना आधी एवढं पाहा, मैदानाशी रुग्णवाहिका उभी आहे का? छातीवर दाब कसा द्यायचा, हे शिकलेली दोन-चार माणसं हजर आहेत का? शहरातल्या डॉक्टरांना विचारलंत तर ते आनंदानं येऊन शिकवतील. ते यंत्र घेण्यासाठी चार मंडळांनी मिळून वर्गणी काढली तरी जमण्यासारखं आहे. मैदानावर उतरणारी पोरं कुठल्या गल्लीतली, कुठल्या देशातली, हा प्रश्न नंतरचा. सामना संपल्यावर ती चालत घरी गेली पाहिजेत.