कला आणि कारभार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील महिला-सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संमेलनाचा प्रारंभ दरवर्षी स्वागतगीताने होतो. अकोल्याच्या असोत वा अमरावतीच्या असोत, आपल्याच मुली ते गातात. आपण टाळ्या वाजवितो आणि नारळ व पुष्पगुच्छ देऊन त्यांचे कौतुक करितो. परंतु त्यांतीलच एखादी मुलगी पुढे घरी म्हणते, “गाणे आणि कथाकथन हाच मी माझा व्यवसाय करीन,” तेव्हा मात्र टाळ्या वाजविणारे हात एकाएकी थांबतात. या मौनाची कारणे दोन. एक प्रतिष्ठेचे, दुसरे पोटाचे. ही दोन्ही कारणे खरी आहेत. त्यांना हसून उडवून लावणे आम्हांस योग्य वाटत नाही. म्हणून ज्या एका स्त्रीने आपल्या आयुष्याने या दोन्ही शंकांना उत्तर दिले, तिची हकीकत आज आपल्यापुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

त्या म्हणजे गानहिरा हिराबाई बडोदेकर. त्यांचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. वडील किराणा घराण्याचे थोर गवई उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. पुढे आईवडील विभक्त झाले आणि पाच मुलांचा भार एकट्या ताराबाईंवर पडला. थोरले बंधू सुरेशबाबू माने स्वतः उत्तम गायक व शिक्षक होते. उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम हिराबाईंना लाभली. ज्या काळी कुलीन म्हणविणाऱ्या घरांत स्त्रीने चारचौघांत गाणे निषिद्ध मानीत, त्या काळी, १९२१ च्या सुमारास, पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परिषदेत ही सोळा वर्षांची मुलगी गावयास बसली. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकांत त्यांची गणना होते. अंगविक्षेप नाही, हावभाव नाही. स्थिर बैठक, साधी वेषभूषा आणि शांत स्वर. गाणारीची प्रतिष्ठा तिच्या वागणुकीने व विद्येने ठरते, हे त्यांनी न बोलता सिद्ध केले.

हे झाले प्रतिष्ठेविषयी. आता पोटाचा प्रश्न घेऊ. १९२९ च्या सुमारास, वयाची पंचविशी उलटण्यापूर्वीच, आई व भावंडे यांच्या साह्याने हिराबाईंनी ‘नूतन संगीत नाटक मंडळी’ चालविण्यास घेतली. ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, ‘एकच प्याला’ अशी नाटके मंडळीने केली. पुरुषांनीच स्त्रीभूमिका कराव्या हा प्रघात अद्याप मोडला नव्हता, आणि बालगंधर्वांच्या नावाची मोहिनी महाराष्ट्रावर होती. अशा वेळी स्त्रीने स्त्रीची भूमिका करावी, इतकेच नव्हे तर मंडळीचा कारभारही पाहावा, हे धाडस लहान नव्हते.

संगीत नाटक म्हणजे गाण्यातून सांगितलेली कथाच. आम्हां वऱ्हाडकरांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गाडगेबाबांचे कीर्तन आणि तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्यांच्या घरांतील वडीलधाऱ्यांनी ऐकली, त्यांना गाणे आणि गोष्ट यांची जोडी उपजतच ठाऊक आहे. नाटक मंडळ्यांनाही वऱ्हाड परके नव्हते. कापसाचा पैसा हाती खेळू लागला की मंडळ्यांची पावले इकडे वळत. अकोला मुंबई-नागपूर लोहमार्गावरच आहे; अमरावतीस यावयाचे तर बडनेऱ्यास उतरून शाखेची गाडी धरावी लागे. अमरावतीस इंद्रभुवन थिएटर होते आणि दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे रसिक आश्रयदाते होते.

पण या वैभवामागचा जमाखर्च प्रेक्षकांस दिसत नसे. पडदे, पोशाख, वाद्ये, नटांचे पगार, बिऱ्हाडाचे भाडे, दोन वेळचा स्वयंपाक, रेल्वेची हशील — खेळ होवो वा न होवो, हा खर्च चालूच. एक पावसाळा वाईट गेला की मंडळी कर्जात बुडे. त्यातच १९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि प्रेक्षक बोलपटाकडे धावला. एका तिकिटाच्या अल्प दरात रोज तीन-तीन खेळ दाखविणाऱ्या यंत्रापुढे, चाळीस-पन्नास माणसांचा संसार पाठीवर घेऊन हिंडणारी मंडळी टिकणार कशी? चार-पाच वर्षांत नूतन मंडळीही बंद पडली.

मंडळी बुडाली, परंतु हिराबाई बुडाल्या नाहीत. मंडळीचे कर्ज त्यांनी मैफली करून फेडले. ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी, काही बोलपट, जाहीर जलसे आणि शिष्यांची तालीम अशा अनेक वाटांनी त्यांनी आपली विद्या लोकांपर्यंत पोहोचविली. १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. १९८९ साली त्या निवर्तल्या. सुरेशबाबू व हिराबाई यांच्या शिष्या डॉ. प्रभा अत्रे यांना २०२२ साली पद्मविभूषण मिळाले. म्हणजे एका घराने लावलेला वेल पुढल्या शतकातही फुलला.

यातून आपण काय घ्यावयाचे? पहिली गोष्ट अशी की, धंदा बसणे आणि कला बसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आज आपली मुलगी भ्रमणध्वनीवर गाणे मुद्रित करून घरबसल्या साऱ्या जगापुढे ठेवू शकते. परंतु बोलपटाने नाटकाचे जे केले, ते उद्या एखादे नवे यंत्र तिच्या व्यवसायाचेही करील. त्या दिवशी तिला तारील ती पक्की तालीम आणि चोख हिशेब. म्हणून रियाझाच्या वहीशेजारी जमाखर्चाची वही असलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट मंडळाच्या विचारार्थ. आपला शिक्षण-निधी वैद्यक व स्थापत्य शिकणाऱ्यांस मिळतो, हे योग्यच आहे. संगीत, नाट्य व कीर्तन यांचे रीतसर शिक्षण घेणाऱ्या मुलींनाही तो मिळावा. वाद्यखरेदीसाठी अल्प व्याजाने कर्ज द्यावे. आणि संमेलनात गाणाऱ्या आपल्या मुलींना नारळासोबत मानधनाचे पाकीट द्यावे. बाहेरच्या कलावंतास आपण बिदागी मोजतो, घरच्या मुलीस मात्र फुकट गाववितो. मग तिने कलेवर पोट भरावे तरी कसे?

तिसरी गोष्ट थोडी कठीण आहे, तरी बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. वडील मुसलमान, आई माने, आडनाव बडोदे शहराचे. अशा हिराबाईंचे नाव कोणत्या ज्ञातीच्या नोंदवहीत लिहिले असते? बहुधा कोणत्याच नाही. तरीही त्यांचे गाणे साऱ्या महाराष्ट्राने आपले मानिले. मंडळाच्या सभागृहात संगीतवर्ग सुरू होईल तेव्हा त्याचे दार नोंदवहीत नाव नसलेल्या मुलीसही उघडे असावे, अशी आमची विनंती आहे. स्वर जात विचारीत नाहीत. ते शिकविणाऱ्या मंडळाने ती का विचारावी?

या तीन सूचनांचा ठराव कार्यकारिणीपुढे यावा आणि पुढील संमेलनात त्याच्या अंमलबजावणीचा अहवाल वाचला जावा, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.