रोपाबरोबर येणारा रोग



पीकसंरक्षणाच्या अधिवेशनात अध्यक्षाने नव्या औषधांबद्दल बोलावे, अशी अपेक्षा असते. तो विषय उद्याच्या सत्रांत तज्ज्ञ मांडणार आहेत. मला बोलायचे आहे ते फवारणीच्या कितीतरी आधी घडणाऱ्या गोष्टीबद्दल. आपल्या बागा मोडून काढणारे बरेचसे रोग आपण स्वतः पैसे मोजून विकत आणतो आणि खड्डा खणून लावतो. रोप, कलम, कंद, बेणे यांच्यासोबत ते येतात.

तेल्याचेच घ्या. डाळिंबावरच्या या जिवाणूजन्य करप्याची आपल्या देशातली पहिली नोंद 1952 ची, दिल्लीची. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात त्याने थैमान घातले ते या शतकाच्या पहिल्या दशकात. पानावर तेलकट, पाणी भरल्यासारखे ठिपके, फळावर काळे डाग आणि मग त्या डागातून फळ तडकणे. हे दृश्य या सभागृहातल्या कित्येकांनी स्वतःच्या बागेत पाहिले आहे. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर आणि वादळी वाऱ्याबरोबर हा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो, फार तर शेजारच्या बागेत. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात मात्र तो टेंपोत बसून गेला. डाळिंबाच्या भगवा वाणाला भाव आला, लागवडी वाढल्या, गुटी कलमे कमी पडू लागली. मग ज्या बागेत मिळेल त्या बागेत गुट्या बांधल्या गेल्या. मातृवृक्ष निरोगी आहे का, हे कोण पाहणार? जिवाणू लक्षणे न दाखवताही फांदीत राहू शकतो. हिरवेगार दिसणारे रोप लावले जाते आणि पहिल्याच मृग बहारात, दमट हवेत आणि पावसात, रोगाचे खरे रूप बाहेर येते.

एकदा तो बागेत शिरला की आपण कात्रीने त्याची सेवा करतो. रोगट फांदी छाटलेली कात्री तशीच पुढच्या झाडाला लावायची, छाटलेल्या फांद्या बांधावर टाकायच्या, खाली गळलेली पाने तशीच ठेवायची. जिवाणू त्या पालापाचोळ्यात टिकतो आणि पुढच्या पावसाची वाट पाहतो. कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवणे, पाला गोळा करून जाळणे, बागेला पुरेशी विश्रांती देणे, जिथे पाण्याची सोय आहे तिथे मृगाचा हट्ट सोडून हस्त किंवा आंबे बहार धरणे: यातल्या कुठल्याच उपायाची जाहिरात होत नाही, कारण यातून कुणाच्या दुकानात विक्री होत नाही.

दुकानात विकली गेली ती स्ट्रेप्टोमायसीन असलेली भुकटी. हे तेच प्रतिजैविक, जे माणसाच्या क्षयरोगावर वापरले जाते. वर्षानुवर्षे आपण ते बागांवर मारत राहिलो. आता सरकारने पिकांवरच्या त्याच्या वापराला मनाई केली आहे आणि मी त्या निर्णयाचे मनापासून स्वागत करतो. माणसाच्या जिवाशी जोडलेले औषध बागेत पाण्यासारखे ओतणे चूकच होते.

केळीकडे वळू. जळगावकरांना हरण्या रोग नवा नाही. पानावर पिवळे पट्टे, पोंगा सडणे, झाड खुजे राहणे ही त्याची खूण. काकडीवरच्या मोझॅक विषाणूमुळे तो होतो आणि मावा त्याला पसरवतो. पण माव्याआधी विचारायचा प्रश्न हा, की रोपे कुठून आली? ऊतिसंवर्धनाची रोपे निर्जंतुक असतात, हा आपला समज अर्धाच खरा आहे. बुरशी आणि जिवाणू तिथे गाळले जातात, पण मूळ झाडात विषाणू असेल तर तो रोपांत उतरू शकतो. म्हणून रोपे विषाणूमुक्त असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला मागितलाच पाहिजे. आणि केळीवरच्या मर रोगाची टीआर-4 ही प्रजात आपल्या देशात आली आहे. ती जमिनीत एकदा बसली की औषधाने निघत नाही, आणि ग्रँड नैन हा वाण तिला बळी पडतो. खानदेशात बाहेरचा कंद आणि मातीने भरलेली अवजारे येऊ न देणे हाच आज हाती असलेला उपाय आहे.

सगळेच रोग असे येतात असे माझे म्हणणे नाही. द्राक्षावरची डावणी आणि भुरी हवेतून येणारच. तिथे पानांच्या ओलाव्यावर नजर, हवामानाचा अंदाज आणि वेळेवर फवारणी यांना पर्याय नाही. घरच्या गुलाबावरचे काळे ठिपके आपणच वाढवतो, संध्याकाळी पाने भिजतील असे पाणी घालून.

पण जे आपल्या हातात आहे, ते तरी सांभाळूया. आणि ते जमते, हे उसाने दाखवले आहे. गवताळ वाढ आणि काणी हे रोग बेण्यातून येतात, हे कळल्यावर उष्णजल व बाष्पयुक्त उष्ण हवेची बेणेप्रक्रिया आली, मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशी त्रिस्तरीय बेणे योजना उभी राहिली, साखर कारखान्यांनी बेणेमळे चालवले. जे उसाला मिळाले ते डाळिंबाला का मिळू नये? फळरोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात 1969 पासून कायदा आहे. परवाना, मातृवृक्षांच्या नोंदी, तपासणी यांची तरतूद त्यात आहे. तरीही आज रस्त्याकडेला उभ्या केलेल्या टेंपोतून गुटी कलमे विकली जातात, आणि ती घेणाराही पावती मागत नाही. यात शासनाचा दोष आहे तसा आपलाही आहे.

निरोगी रोपाइतकेच महत्त्वाचे आहे अचूक निदान. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम. के. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतींच्या जिवाणूजन्य रोगांचा जो पाया घातला, तो देशभर मानला गेला. ज्या राज्यात हे काम झाले, तिथल्या शेतकऱ्याला पानावरचा डाग बुरशीचा की जिवाणूचा, हे आजही औषध दुकानदाराला विचारावे लागते. बहुतेक बुरशीनाशकांनी जिवाणू मरत नाही आणि कोणत्याच फवारणीने झाडातला विषाणू मरत नाही. निदान चुकले की पैसा मातीत जातो, आणि फवारणाऱ्या मजुराच्या अंगावर विष विनाकारण उडते.

म्हणून या अधिवेशनाने दोन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. फळपिकांच्या प्रत्येक तालुक्यात नमुना तपासून लेखी निदान देणारी प्रयोगशाळा शासनाने उभारावी. आणि मातृवृक्षाची तपासणी न झालेले एकही कलम विकू देऊ नये. उपस्थित बागायतदारांना माझे एवढेच सांगणे आहे, की येत्या लागवडीसाठी रोपे आणायला जाल तेव्हा आधी मातृवृक्षांची बाग दाखवा म्हणा. नाही दाखवली, तर रिकाम्या गाडीने परत या.