बंद खोलीतले पीक



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘गांजाची घरातील लागवड’ हे शब्द वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असे कानांवर आले. आज सभागृह भरले आहे ते माझ्या लौकिकामुळे नसून गांजाच्या लौकिकामुळे, हे मी जाणतो. म्हणून कायद्याची गोष्ट आधी सांगून मोकळा होतो. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याप्रमाणे या झाडाची विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे. त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. झाड शेतात आहे की कपाटात, याने काही फरक पडत नाही. तेव्हा येथून कृती शिकून जाऊ, अशा आशेने कोणी आले असेल तर त्यांची निराशा होणार आहे.

मी बोलणार आहे ते परदेशांविषयी. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून दर घराला चार झाडे लावण्याची मुभा दिली. क्वेबेक प्रांताने मात्र घरच्या लागवडीला मनाई केली आणि २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून दर प्रौढ माणसाला तीन झाडांची परवानगी आहे. आपल्या गावची मुले आज या दोन्ही देशांत आहेत. शेजाऱ्याच्या कपाटातून जांभळट उजेड का येतो, हे त्यांना ठाऊक आहे, आईवडिलांना नाही.

वास्तविक हे झाड तणासारखे वाढणारे. हिमालयाच्या पायथ्याशी ते रस्त्याच्या कडेला आपोआप उगवते. मग ते घरात आणावे कशाला? थंडी हे एक कारण. दुसरे कारण पोलीस. कॅलिफोर्नियात १९८३ पासून हेलिकॉप्टरमधून या झाडांचा शोध सुरू झाला, तेव्हा लागवड करणारे छपराखाली शिरले. पुढे तेथला राज्याचा कायदा सैल झाला, पण छप्पर राहिले. बंद खोलीत वर्षातून एकाऐवजी अनेक पिके निघतात, हे व्यापाऱ्याच्या ध्यानात आले होते.

पहिल्यांदाच घरात झाड लावणाऱ्या माणसाला पहिला धडा मिळतो तो सूर्याच्या किमतीचा. या झाडाला दिवस मोठा असेपर्यंत पाने येत राहतात, आणि रात्र लांबली की फुले धरतात. शेतात हे काम ऋतू करतो. खोलीत ते घड्याळाने करावे लागते. आधी अठरा तास उजेड, मग बारा तास उजेड आणि बारा तास पक्का अंधार. सहाशे वॅटचा दिवा अठरा तास जळला की दिवसाला जवळजवळ अकरा युनिटे झाली. आपल्या घरचे बिल डोळ्यांपुढे आणा. बरे, दिवा उष्णता सोडतो, म्हणून पंखा. मुळांनी प्यालेले पाणी पाने हवेत सोडतात, म्हणून दमटपणा शोषणारे यंत्र. वास शेजारी जातो, म्हणून कोळशाची गाळणी. एवढे करूनही हवा कोंडली की भुरी येते. ही भुरी काय चीज आहे, ते द्राक्षबागाईतदाराला विचारा. शेतात वारा जे फुकट करतो, त्यासाठी येथे प्रत्येक गोष्टीची तार भिंतीत खोचावी लागते. मोठ्या कारखान्यांचा हिशेब तर थक्क करणारा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का वीज बंद जागेतील या पिकाला लागते, असा अंदाज निघाला होता.

दुसरा धडा नरमादीचा. या जातीत नर झाड वेगळे आणि मादी वेगळी. नराचा पराग मादीला पोहोचला की बी धरते आणि राळ कमी होते. १८९३-९४ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या. त्या वेळी बंगालमधील नौगाव भागात, जो आज बांगलादेशात आहे, सरकारी परवान्याने गांजा पिकत असे. तेथे नर झाडे हुडकून उपटण्यासाठी ‘परखदार’ नावाचा जाणकार माणूस बोलावीत. ओळीओळीने हिंडायचे, सांध्यापाशी फुटलेली कळी पाहायची आणि झाड काढायचे. मला त्या परखदाराविषयी फार आदर वाटतो. आज बाजारात फक्त मादी झाडे देणारे बी मिळते, परखदाराची नजर बियांच्या पुडीत बांधून विकली जाते. आपल्या वैऱ्याच्या हाताचे कसब जसे हातमागावरून यंत्रमागावर गेले, तसेच हे.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. कपाटात चार झाडे लावणारा माणूस स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर. त्याला खोकला आला तर तो दार उघडतो. पण हजारो झाडांच्या दालनात दार उघडण्याचा अधिकार मजुराला नसतो. सूतगिरणीत ज्यांनी दिवस काढले त्यांना हे समजावून सांगायला नको. तेथे खिडक्या बंद ठेवतात आणि हवा दमट ठेवतात, ती सूत तुटू नये म्हणून. हवा सुताच्या सोयीची. माणसाने तीच छातीत घ्यायची. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, त्या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात. आपल्या नुकसानभरपाईच्या कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत ते आहे, आणि त्या नोंदीत कापसाबरोबर हेम्पची धूळही घातलेली आहे. हेम्प म्हणजे धाग्यासाठी लावलेले हेच झाड.

ही माहिती काही आजची नव्हे. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवर १७०० साली ग्रंथ लिहिला, त्यात हेम्प पिंजणाऱ्यांच्या खोकल्याचे वर्णन आहे. १९६० नंतरच्या दशकात स्पेनमधील कायोसा दे सेगुरा या गावी हेम्पच्या कामगारांची फुप्फुसे डॉक्टरांनी तपासली, तेव्हा पुन्हा तेच दिसले.

आणि तरीही जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात होल्योक येथे गांजाच्या कारखान्यात काम करणारी सत्तावीस वर्षांची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. वाळलेली फुले दळून विड्या भरण्याचे काम तेथे चाले. काम धरल्यावर थोड्याच महिन्यांत तिला धाप लागू लागली होती. हा दमा धंद्यातून आलेला, असे पुढे सरकारी आरोग्य खात्याच्या साप्ताहिकात २०२३ साली छापून आले. होल्योक हे एके काळी कागदाच्या गिरण्यांचे गाव. गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जुन्या इमारतींत हा नवा धंदा शिरला. गिरणगावात चिमण्यांच्या जागी मॉल आले, तेथे हे आले, एवढाच फरक.

मग संघटना काय करते? अमेरिकेच्या १९३५ च्या कामगार कायद्याने शेतमजुरांना संघटनेच्या संरक्षणातून वगळले आहे. मालक म्हणतात, आमचा माणूस रोप सांभाळतो, म्हणून तो शेतमजूर. मी विचारतो, ज्या शेतावर ऊन नाही, पाऊस नाही, ते कसले शेत? विजेचे बिल भरताना तो कारखाना, आणि मजुराचा हक्क येताच ते शेत! कॅलिफोर्नियाने यावर एक वाट काढली. तेथे ठरावीक संख्येहून अधिक कामगार ठेवणाऱ्याला परवाना हवा असेल, तर संघटनेच्या कामात अडथळा आणणार नाही, असा करार आधी करावा लागतो. न्यूयॉर्कच्या २०२१ च्या कायद्यातही तशीच अट आहे. आपल्याकडे यंत्रमागाच्या परवान्याला असली एखादी अट जोडली असती, तर माझे निम्मे आयुष्य कामगार आयुक्तांच्या बाकावर गेले नसते.

पण करार म्हणजे हवा नव्हे. कापसाच्या धुळीची मर्यादा अमेरिकेने १९७८ साली कायद्याने ठरवली. त्यासाठी कामगारांना वर्षानुवर्षे खोकून दाखवावे लागले. गांजाच्या धुळीसाठी तशी वेगळी मर्यादा अजून ठरलेली नाही. दळण्याच्या यंत्राला धूळ ओढणारी नळी, दर वर्षी श्वासाची तपासणी, आणि धाप लागलेल्या माणसाला त्याच पगारावर दुसरे काम: या तीन गोष्टी आपल्या गिरण्यांत ज्यांनी मागितल्या, त्यांपैकी काही वृद्ध मंडळी आज येथे पहिल्या रांगेत बसली आहेत. प्रश्न असतील तर कृपा करून त्यांनाही विचारा.