खेळाडूच्या पाठीशी गाव



आंतरराष्ट्रीय स्पर्धेस जाऊ पाहणाऱ्या तरुण खेळाडूस दोन चढ चढावे लागतात. पहिला सरावाचा, तो त्याने एकट्याने चढावयाचा असतो. दुसरा पैशाचा, तो मात्र एकट्याच्या पायांनी चढून होत नाही. तेथे कोणीतरी हात द्यावा लागतो. खेड्यातील पुष्कळ गुणी मुले पहिला चढ पार करून दुसऱ्याच्या पायथ्याशी थांबतात. अशा वेळी शाळेने व गावाने काय करावे, याचा वस्तुपाठ खाशाबा जाधव यांच्या चरित्रात आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळील गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात खाशाबांचे शिक्षण झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या खर्चाचा भार उचलला होता. लाल मातीत वाढलेल्या या तरुणाला तेथे गादीवर आणि परक्या नियमांनी कुस्ती खेळावी लागली. तरीही आपल्या वजनगटात त्याने सहावा क्रमांक मिळविला. त्या अपयशातून कोणता धडा घ्यावयाचा, हे खाशाबांनी ओळखले. बळ कमी पडले नव्हते. गादीचा सराव व नियमांची ओळख कमी पडली होती. पुढील चार वर्षे त्यांनी कसून तयारी केली आणि वरच्या वजनगटात उतरण्याचे ठरविले.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड झाली, परंतु प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा गोळेश्वरच्या व आसपासच्या लोकांनी यथाशक्ति वर्गणी जमविली. तेवढ्याने भागेना, म्हणून राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतःच्या छपरापेक्षा विद्यार्थ्याच्या गुणाचे मोल त्यांनी अधिक मानले.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा व मेक्सिको येथील मल्लांना हरविले. पुढे एका कुस्तीनंतर नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी झुंजावे लागले, आणि ती मागून घेण्यास त्या वेळी कोणी जाणकार भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. तरीही कांस्यपदक त्यांनी मिळविले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परतल्यावर कराडपासून गोळेश्वरापर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु मिरवणुकीच्या धुळीत खाशाबा ऋण विसरले नाहीत. कुस्त्यांचे फड भरवून, त्यांत स्वतः खेळून, त्यांनी प्राचार्यांचे घर सोडविले.

त्यानंतर असे दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ चे अटलांटा ऑलिंपिक उजाडावे लागले. ते लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळविले. त्याच अटलांटात डोंगरवाटांवरील सायकल शर्यतीला ऑलिंपिकमध्ये प्रथम स्थान लाभले. आपल्या घाटमाथ्यावरील मुलांना चढउताराच्या वाटा जन्मापासून परिचित आहेत. त्यांतील एखाद्याने उद्या या शर्यतीचा ध्यास घेतला तर त्याच्यापुढेही तेच दोन चढ उभे राहतील. उलट त्याला भक्कम सायकल, शिरस्त्राण, सुटे भाग आणि परदेशाचा प्रवास यांचा खर्च मल्लाच्या खुराकापेक्षा अधिक जाणवेल.

अशा मुलासाठी शिक्षकाने घर गहाण ठेवावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण तीन गोष्टी प्रत्येक शाळेला शक्य आहेत. पहिली, स्पर्धेचे नियम मिळवून ते मुलाकडून समजावून घ्यावेत व त्याला समजावून द्यावेत, आणि सराव शक्यतो त्याच नियमांनी करवावा. लंडनचा धडा हाच आहे. दुसरी, वर्गणी जमवावयाची तर ग्रामसभेसमोर जमवावी, प्रत्येक रुपयाची पावती द्यावी आणि जमाखर्च शाळेच्या फलकावर लावावा. हिशेब उघडा असला म्हणजे पुढच्या मुलासाठीही हात मोकळे होतात. तिसरी, मुलाला घेतलेल्या मदतीची जाणीव असावी, परंतु तिचे ओझे नसावे. तो हरून आला तरी गावाने त्याला वेशीवर घ्यावयास जावे. कारण खाशाबाही पहिल्या खेपेस सहावेच आले होते.

खाशाबांचा जन्मदिवस आज महाराष्ट्रात राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेत त्यांच्या पदकाची कथा सांगताना प्राचार्यांच्या घराची आणि गोळेश्वरच्या वर्गणीची कथाही अवश्य सांगावी. पदक एकाच्या गळ्यात पडते. पण ते पडावे म्हणून किती जणांनी आपली गाठ सोडली, हे मुलांना कळले पाहिजे.