आजोबांची गोळी, नातवाचा धोका



कोथरूडच्या डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी या वसाहतींतील अनेक घरांत आईवडील नोकरीस जातात आणि नातवंडांचा सांभाळ आजी-आजोबा करतात. बालकांना मायेचा आधार देणारी ही व्यवस्था आहे. परंतु त्याच घरात पाठदुखी, मानदुखी किंवा पक्षाघातानंतरचा ताठरपणा यांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्याही असतात. उशाशी किंवा पिशवीत ठेवलेली अशी गोळी दोन-तीन वर्षांच्या बालकाच्या हाती सहज लागते.

बॅक्लोफेन व टिझॅनिडीन ही त्यांतील परिचित औषधे. त्यांचे कार्य मुख्यतः मेंदू व मज्जारज्जू यांवर चालते. म्हणूनच प्रौढास आराम देणारी मात्रा बालकास घातक ठरू शकते. मूल पेंगते, अंग लुळे पडते, नाडी मंदावते, रक्तदाब घटतो आणि श्वासही अपुरा पडू शकतो. घरच्यांना मात्र मूल खेळून दमले व झोपले असे वाटते आणि मोलाचा वेळ निघून जातो.

या औषधांवर खात्रीचा उतारा नाही. श्वास व रक्ताभिसरण यांस वेळीच दिलेला आधार हाच मुख्य उपचार होय. यास्तव गोळी गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. मिठाचे पाणी पाजून वा घशात बोट घालून उलटी काढू नये. पेंगुळलेल्या मुलाची उलटी श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. गोळ्यांची पट्टी सोबत न्यावी व किती गोळ्या कमी आहेत ते डॉक्टरांना सांगावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय विष माहिती केंद्र अशा प्रसंगी डॉक्टरांना व पालकांना दूरध्वनीवरून सल्ला देते.

प्रतिबंध मात्र घरातच व्हावयास हवा. अमेरिकेने १९७० मध्ये, लहान मुलांना सहज उघडता येणार नाही अशा वेष्टनासाठी कायदा केला. आपल्याकडे गोळ्या बहुधा पट्टीत मिळतात; त्या काढून वारांच्या कप्प्यांच्या डबीत भरल्या की तेवढाही अडथळा उरत नाही. औषधे कुलपात ठेवावीत, मुलांदेखत घेऊ नयेत आणि गोळीस "खाऊ" म्हणू नये.

शिक्षकांनी पालकसभेत व पंचायत सदस्यांनी अंगणवाडीच्या बैठकीत ही माहिती द्यावी. त्या सभेस आजी-आजोबांना आवर्जून बोलवावे. कारण औषधाची डबीही त्यांच्याजवळ असते आणि मूलही.