यंत्रास साधनांची ओळख करून देताना
(कार्यालयीन कर्मचारी, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



संगणकशास्त्रातील या विषयाशी प्रसिद्धी अधिकाऱ्याचा संबंध काय, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. संबंध आहे, आणि तो भाषेचा आहे.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट आता मोठ्या प्रमाणावर वापरात आले आहेत. या एजंटाला वाचता-लिहिता येते, पण हात नाहीत. फाईल उघडणे, मजकूर शोधणे, दुरुस्ती करणे, चाचणी घेणे ही कामे तो त्याला दिलेल्या साधनांकरवी करतो. प्रत्येक साधनाचे नाव, काही ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती भरावयाची त्याचा तक्ता, एवढेच सामान्यतः त्याच्यापुढे असते. कोणते साधन केव्हा उचलावयाचे, हे तो त्यावरूनच ठरवितो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा खुला संकेत प्रसिद्ध केला. त्यामुळे एकाने घडविलेले साधन दुसऱ्याच्या एजंटाला जोडणे सुलभ झाले. वर्णन लिहिणारा शंका निरसन करण्यास जवळ नसतो. त्याने जे लिहिले तेवढेच वाचणाऱ्याच्या हाती राहते.

'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' हा शेरा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. अनुभवी कारकून त्याचा अर्थ रूढीने लावतो. एजंटाला आपल्या कचेरीची रूढी ठाऊक नसते. 'फाईल बदलते' एवढेच लिहिल्यास कोणती, किती आणि कशी, हे तो अंदाजाने ठरवील. आणि अंदाज चुकला तरी काम मात्र आत्मविश्वासाने पुरे करील!

तेच वर्णन असे लिहून पाहा : 'अस्तित्वात असलेल्या फाईलमधील एक मजकूर काढून त्या जागी दुसरा घालते. जुना मजकूर मोकळ्या जागांसह तंतोतंत जुळला पाहिजे व तो फाईलमध्ये एकदाच आलेला असावा. नवी फाईल निर्माण करण्यासाठी हे साधन वापरू नये.' यातील 'एकदाच' हा शब्द महत्त्वाचा आहे. तोच मजकूर तीन ठिकाणी असेल, तर नेमका कोणता बदलावयाचा हे साधनाला कळणार नाही. शेवटचे नकारार्थी वाक्यही तितकेच आवश्यक आहे, कारण शेजारी दुसरे मिळतेजुळते साधन असले की गोंधळ तेथेच होतो.

काही वेळा मात्र वर्णनापेक्षा साधनच सुधारणे इष्ट ठरते. आज्ञावलींतील प्रत्यक्ष तक्रारी सोडविण्याची 'एसडब्ल्यूई-बेंच' नावाची एक कसोटी आहे. तीत १२ सार्वजनिक प्रकल्पांतील २,२९४ प्रश्न घेतलेले आहेत. या कसोटीसाठी एजंट तयार करताना एकंदर सूचनांपेक्षा साधनांवरच अधिक वेळ खर्च झाला, असे अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये नमूद केले. त्यांचा एजंट मूळ कप्प्यातून दुसरीकडे गेला की फाईलचा पत्ता चुकवीत असे. 'देवळावरून उजवीकडे' हा पत्ता देवळापाशी उभ्या असलेल्यालाच उपयोगी. तसाच हा प्रकार. मग त्यांनी मुळापासूनचा संपूर्ण पत्ता देणे सक्तीचे केले आणि ती चूक थांबली.

साधनाकडून येणारे उत्तर हाही वर्णनाचाच भाग समजावा. 'अर्ज नामंजूर' एवढे लिहून परत आलेला कागद घेऊन ग्रामस्थाने किती हेलपाटे घालावेत, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. कोणता दाखला जोडावयाचा राहिला, हे लिहिले असते तर एका फेरीत काम झाले असते. साधनानेही केवळ 'चूक' म्हणू नये. 'हा मजकूर तीन ठिकाणी आढळला, आसपासच्या ओळी जोडून पुन्हा पाठवा,' असे सांगावे. उत्तर फार लांबही नसावे. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये केलेल्या एजंटाच्या साधनात एका वेळी फाईलच्या १०० ओळीच दाखविल्या जात. दप्तर समोर ओतले की हवा तो कागद सापडत नाही.

सर्वांत गंभीर बाब पुसून टाकणाऱ्या साधनांची. पुसलेली नोंद परत मिळेल की नाही, हे वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात यावे. मात्र वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. जे एजंटाकडून घडताच कामा नये, त्याला माणसाच्या संमतीची अट साधनातच घातली पाहिजे. गावाच्या जमिनीच्या किंवा शाळेच्या दाखल्यांच्या नोंदी उद्या अशा एजंटाच्या हाती आल्या, तर या एका वाक्याची किंमत कोणाला मोजावी लागेल, याचा विचार अधिकाऱ्यांनी आजच करावा.

लिहिलेले वर्णन एजंटाला देऊन त्याने साधन कसे वापरले ते वाचावे, जेथे अडखळला तेथील शब्द बदलावा व पुन्हा द्यावे. फळ्यावर मी एक वर्णन लिहिले आहे : 'माहिती शोधते.' कोणती माहिती, कोठे, किती ओळी आणि न सापडल्यास काय, हे शिक्षक मंडळींनी आता पाच मिनिटांत त्यात भरावे.